दाखला काढायचा नाही

हे लिहू का, असं मी आधी भाचीला विचारलं. जुलैत तिला अठरा पूर्ण झाली. ‘लिही मावशी, पण गावाचं नाव नको,’ म्हणाली. गावाचं नाव नाहीच, तिचंही नाही, कॉलेजचंही नाही, आणि मी स्वतः टोपणनावानं लिहिते. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, केसमधल्या मुलीची ओळख पटेल असं काही छापणं हा गुन्हा आहे. या वर्षभरात अशा किती तरी गोष्टी मला धडपडत कळल्या. तुमच्या घरात, वाड्यावर, वर्गात अशी एखादी पोर असेल तर तुम्हाला तरी त्या आधी कळाव्यात, म्हणून लिहिते.

तिचे आईवडील, म्हणजे माझी आक्का आणि दाजी, ऊसतोडीला जातात. आमच्या पट्ट्यात नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर. दिवाळीनंतर आईबाप कारखान्यावर गेले की वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न घरोघर. धाकट्या भावंडांना हंगामी वसतिगृह असतं, पण ते आठवीपर्यंत. हिची अकरावीची परीक्षा संपली आणि मे २०२३ मध्ये लग्न लावलं. वय सोळा वर्षं दहा महिने. मुलगा बावीसचा, तोही कोयत्यावरच जाणारा.

मी त्या लग्नाला होते. नवरीचे ब्लाउज मीच शिवले. हे लपवून पुढचं सांगितलं तर ते खोटं होईल.

२२ सप्टेंबर २०२३, गौरीपूजन. ती माहेरी आली होती. मापं घेण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. ती वाकून गौरीपुढं पुरणाचं ताट ठेवत होती आणि तिच्या कुडत्याच्या बगलेखालच्या शिलाईवर ताण आलेला मला दिसला. आक्काला चुलीपाशी गाठून विचारलं. ‘पाचवा असंल,’ म्हणाली. दवाखान्यात नेलं का? ‘नाय नेलं. तिथं वय विचारत्यात.’ सासरचे दिवाळीनंतर तिला तोडीवर नेणार होते. सातव्या महिन्यात, मोळ्या उचलायला.

भांडी घासताना मी पोरीला एकटीला विचारलं, कॉलेजचं काय? ‘नाव हाय अजून. पुस्तकं इथंच पेटीत हायेत.’ मग थोड्या वेळानं, खाली बघत, ‘मावशी, मला बारावीचे पेपर द्यायचेत.’

पुढं जे काही झालं ते या एका वाक्यामुळं. तिनं ते म्हटलं नसतं तर मीही कदाचित ओटी भरून परत आले असते.

सोमवारी, २५ तारखेला, मी तिला आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. आक्काला सांगितलं, नुसतं तपासून आणते. केसपेपर काढताना आधार कार्ड मागितलं, जन्मतारीख लिहिली, आणि डॉक्टरबाईंनी मला बाजूला बसवून सांगितलं की हे त्यांना पोलिसांना कळवावंच लागेल. अठराखालची मुलगी गरोदर आहे हे कळल्यावर ते लपवणं हाच गुन्हा, आणि लग्न झालंय म्हणून सुटका नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं तेही स्पष्ट केलं आहे. माझे पाय गार पडले. पण म्हणून पोरीला दवाखान्यात नेऊच नये असं कुणी समजू नका. पाच महिने नेलं नव्हतं म्हणून तिचं हिमोग्लोबिन ८.४ वर आलं होतं आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

सोनोग्राफीत वीस आठवडे निघाले. डॉक्टरबाईंनी मला बाहेर पाठवून तिच्याशी एकटीशी बोलणं केलं. नंतर दोघींना समजावलं: अल्पवयीन मुलीचा गर्भपात कायद्यानं चोवीस आठवड्यांपर्यंत होऊ शकतो, वीसच्या पुढं दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि पालकाची लेखी संमती. निर्णय तिचा, घाई नाही, पण हातात चारच आठवडे. तिनं दोन दिवस विचार केला आणि ठेवायचं ठरवलं. मी काही बोलले नाही. दुसरं ठरवलं असतं तरी मी तिच्याबरोबर गेले असते. ज्यांना तो मार्ग हवा असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवते, आम्हाला ती उशिरा कळली: सप्टेंबर २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार, मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव डॉक्टरांनी पोलिसांना कळवलंच पाहिजे असं नाही. नावाच्या भीतीनं पोरींना भलत्याच ठिकाणी नेतात, म्हणून हे माहीत असावं.

पोलिसांकडून एक महिला अधिकारी साध्या कपड्यात घरी आल्या. जबाब मुलीला सोयीच्या ठिकाणी, गणवेश न घालता घ्यायचा, असा नियम आहे. तुमच्याकडे तसं होत नसेल तर नम्रपणे सांगा. दोन तास लागले. मला विचारलं, ‘तुम्ही लग्नाला होता?’ होते, म्हटलं. २६ तारखेला रात्री गुन्हा दाखल झाला. नवरा, सासूसासरे, आणि आक्का-दाजीसुद्धा. बालविवाह लावून देणारे आईबापही आरोपी होतात.

त्या रात्री आक्का माझ्या दारात उभी राहून म्हणाली, ‘तू माझं घर जाळलंस.’ आत आली नाही. पुढचे आठ महिने बोलली नाही. पोरीचंही रडणं थांबेना. ‘तो मला मारत नव्हता मावशी,’ एवढंच म्हणायची. मी तिच्या केसांतून हात फिरवत बसले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही वाटतं, मे महिन्यात, ब्लाउजचं कापड हातात आलं तेव्हा मी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला असता, किंवा ग्रामसेवकाला कळवलं असतं, तर लग्न थांबलं असतं आणि कुणाच्याच हातात बेड्या पडल्या नसत्या. ग्रामसेवक (२०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी) हाच गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

२७ ला बाल कल्याण समितीपुढं उभं केलं. जिल्ह्याचं ठिकाण, जाऊन-येऊन जीपचे दोघींचे २८० रुपये, आणि साडेअकराला बोलावलं तर आत घेतलं साडेतीनला. डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जा, पोर गरोदर असेल तर उशीसुद्धा. बाकावर बसून तिची कंबर धरली. समितीनं तिला विचारलं, बालगृहात राहतेस की मावशीकडं. ‘मावशीकडं. तिथनं कॉलेज जवळ हाय.’ मला तात्पुरता ताबा दिला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला सामाजिक तपासणी अहवाल द्यायला सांगितलं. त्यांचे कार्यकर्ते घरी आले, शेजारी विचारलं, माझ्या मालकांची एसटीतली पगाराची स्लिप पाहिली. मी लग्नाला होते ते तिथंही सांगितलं. ३ ऑक्टोबरला न्यायाधीशांसमोर जबाब झाला. त्या दिवशी पोरगी बाहेर आली ती एकदम शांत, आणि म्हणाली, भूक लागली.

यानंतर कॉलेज. मला वाटलं होतं अवघड भाग संपला.

५ ऑक्टोबरला मी एकटीच गेले. प्राचार्य सर वाईट माणूस नाहीत. खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाले, ‘ताई, तिच्या भल्यासाठी सांगतो. दाखला काढून घ्या. बाळंतपण होऊ द्या, पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देऊ द्या. इथं मुलं-मुली आहेत, चर्चा होते.’ क्लार्कनं अर्जाचा छापील नमुना पुढं सरकवलासुद्धा. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या ओळीवर त्यानं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: पालकांच्या विनंतीवरून.

मी सही करणारच होते. खरंच. सगळेजण इतकं गोड बोलत होते की नाही म्हणणं उद्धटपणा वाटत होता. पण पेन घेतल्यावर ‘पालकांच्या विनंतीवरून’ हे शब्द परत वाचले. विनंती कुणी केली होती? मी म्हटलं, उद्या येते.

त्या संध्याकाळी ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांकडं गेले. त्यांनी मला जे समजावलं ते अशा प्रत्येक घरात माहीत असायला हवं. बारावीचं आवेदनपत्र कॉलेजमार्फत ऑनलाइन भरलं जातं, त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पटावर नाव असेल तरच. दाखला निघाला की नाव पटावरून गेलं, फॉर्म गेला, वर्ष गेलं. सतरा नंबरचा फॉर्म चांगली सोय आहे, पण ती ज्यांचं शिक्षण आधीच सुटलंय त्यांच्यासाठी. शिकत असलेल्या मुलीला तिकडं का ढकलायचं? मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा चौदा वर्षांपर्यंतच आहे, त्यामुळे सतरा वर्षांच्या पोरीसाठी त्याचं कलम दाखवता येत नाही. पण लग्न झालेली किंवा गरोदर विद्यार्थिनी परीक्षेला बसू शकत नाही, असा नियम तरी कुठं आहे? सर म्हणाले, ‘भांडू नका. फक्त म्हणा, नियम लेखी दाखवा. आणि तुमचा अर्ज दोन प्रतीत न्या, एकीवर पोच घ्या.’

मी दोन्ही केलं. अर्जात तीनच ओळी होत्या: विद्यार्थिनी नियमित शिक्षण सुरू ठेवू इच्छिते, तिचे नाव पटावरून कमी करू नये, कमी करणे आवश्यक असल्यास नियम व कारण लेखी कळवावे. आवक क्रमांक, शिक्का, तारीख. लेखी उत्तर कधीच आलं नाही.

आणि १२ ऑक्टोबरला समितीपुढं अंतिम आदेश होता, तेव्हा मी हात जोडून एक मागणं केलं: आदेशात शिक्षणाची एक ओळ घाला. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि टंकलेखकाला सांगितलं. ‘बालिकेचे नियमित शिक्षण खंडित होणार नाही याची संबंधित महाविद्यालयाने दक्षता घ्यावी.’ प्रत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. ही ओळ मागितल्याशिवाय मिळत नाही. मागा.

सोमवारी, १६ ला, आदेशाची झेरॉक्स प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. ‘उद्यापासून पाठवा,’ म्हणाले. मुलीची ओळख गुप्त ठेवण्याबद्दलही त्यात लिहिलेलं होतं. ते पान फक्त त्यांनाच दाखवलं, ऑफिसात दिलं नाही.

गणवेश आधी उसवला. आकाशी कुडता, गडद निळी सलवार. मी शिवतानाच दोन्ही बाजूंना दीड इंच कापड दाबात ठेवलेलं होतं, ते सोडलं. डिसेंबरात तेही पुरेना, तेव्हा दुकानातून त्याच रंगाचं अर्धा मीटर आणलं आणि बगलेपासून खाली दोन कळ्या घातल्या. जानेवारीत आणखी दोन. नवं कापड जुन्यापेक्षा जरा गडद दिसायचं, म्हणून ते आधी चार वेळा धुऊन उन्हात टाकलं. तिनं आरशात वळून वळून पाहिलं आणि म्हणाली, ‘दिसत नाय मावशी.’ पोट दिसतच होतं. तिला जोड दिसू नये एवढंच हवं होतं.

पहिला आठवडा वाईट गेला. मधल्या सुट्टीत ती वर्गातच बसून राहायची, कारण बाथरूम खाली आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात कुणी काही बोलायचं. मग तिनं पाणी पिणंच कमी केलं. आशाताईंनी, म्हणजे आशा स्वयंसेविकेनं, हे ओळखलं, मी नाही. लघवी कमी होते म्हणाली तेव्हा त्यांनी विचारून विचारून काढलं. मी इतिहासाच्या मॅडमना जाऊन भेटले. त्यांनी बारावी कलाचा वर्ग खाली घेतला. अर्ज नाही, ठराव नाही. दोन तास बाकडी हलवली, झालं. सातव्या महिन्यात बाकात शिरता येईना, बाक आणि डेस्क एकालाच जोडलेलं असतं ना. एक दिवस शिपाईकाकांनी स्टाफरूममधली हाताची खुर्ची आणून भिंतीजवळ ठेवली, पुढं एक स्टूल. कुणी सांगितलं नव्हतं. ती खुर्ची फेब्रुवारीपर्यंत तिथंच होती.

हजेरीचा प्रश्न होता. पंच्याहत्तर टक्के लागते आणि जुलै ते ऑक्टोबर ती गैरहजर. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि समितीचा आदेश जोडून कॉलेजनं विभागीय मंडळाकडं प्रस्ताव पाठवला. प्रस्ताव गेला की नाही हे क्लार्कला दर आठवड्याला विचारत राहा. मी पाचव्यांदा विचारलं तेव्हा तो गेला.

दवाखान्याचं थोडक्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर गरोदर बायांना तपासतात, त्या दिवशी न्यायचं. लोहाची इंजेक्शनं शिरेतून दिली, रक्त १०.२ पर्यंत आलं. तपासण्या, औषधं, बाळंतपण, सगळं फुकट. सरकारी बाळंतपणाला पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. आमचा खर्च झाला तो रिक्षा, झेरॉक्स, जीप, अंडी, शेंगदाणे, बाळाचे कपडे यावर: वहीत लिहिलेला आकडा ११,४६० रुपये, फेब्रुवारीअखेर. वकील विधी सेवा प्राधिकरणातून विनामूल्य मिळाले. बाई आणि मुलं यांना उत्पन्नाची अट नाही.

नर्सताई एकदा म्हणाल्या, त्यांच्या रजिस्टरात अशा पोरी दर महिन्याला असतात. २०१९-२१ च्या कौटुंबिक आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. माझ्या डोक्यात त्यानंतर एकच येत राहिलं: त्या कॉलेजांत कुठं आहेत? आमच्या कॉलेजात तरी हिच्याआधी खुर्ची कुणालाच लागली नव्हती. म्हणजे बाकीच्यांनी दाखले काढले.

६ फेब्रुवारी २०२४, पहाटे पाचला १०२ ची गाडी बोलावली. दुपारी मुलगी झाली, दोन किलो चारशे. दोन दिवसांनी कॉलेजात भूगोलाचं प्रात्यक्षिक होतं, ते अर्थातच हुकलं. डिस्चार्ज कार्ड जोडून अर्ज दिला. अशा अडचणीतल्या मुलांसाठी मंडळ लेखी पेपर आटोपल्यावर ‘आउट ऑफ टर्न’ प्रात्यक्षिक घेतं. शब्द लक्षात ठेवा, ऑफिसात याच नावानं विचारावं लागतं.

पहिला पेपर इंग्रजी, २१ तारखेला. बाळंतपणाला पंधरा दिवस. माझ्या सासूबाईंचं म्हणणं, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. मी वाद घातला नाही, मला स्वतःलाच भीती होती. आदल्या दिवशी डॉक्टरबाईंनी टाके तपासून जा म्हणून सांगितलं. सकाळी सासूबाईंनीच तिच्या कानाला रुमाल बांधला, पोट जुन्या लुगड्याच्या पट्टीनं आवळलं, आणि अळिवाचे दोन लाडू पिशवीत घातले.

केंद्रसंचालकांना मी आठवडाभर आधी भेटून अर्ज दिला होता: तळमजल्यावर बैठक, आणि गरज पडली तर उठू द्यावं. केंद्रापासून १०० मीटरच्या आत कुणाला थांबू देत नाहीत, म्हणून मी बाळाला घेऊन पलीकडच्या गल्लीत एका ओळखीच्या शिलाईवाल्या ताईच्या घरी बसले. भाची दहाला बाळाला पाजायची आणि साडेदहाला आत जायची. पेपर अकरा ते दोन दहा. बाळ बाराला रडायला लागायचं. काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजायचं आशाताईंनी शिकवलं होतं, तरी पहिल्या दिवशी ते घेईना. मी सव्वादोन वाजेपर्यंत त्या खोलीत येरझारा घातल्या. ती आली तेव्हा ओढणी छातीशी घट्ट धरलेली. मी ब्लाउजच्या आत मऊ सुती कापडाच्या चार घड्या शिवून दिल्या होत्या. चारही भिजून कुडत्यावर डाग आला होता. बाळाला घेतलं, पाठ भिंतीला टेकली, आणि डोळे मिटून म्हणाली, ‘शेवटचा प्रश्न राहिला.’ दुसऱ्या पेपरापासून आठ घड्या घातल्या आणि वर एक जादा कुडता पिशवीत दिला.

२१ मे ला निकाल. बाकी सगळे विषय निघाले, इंग्रजी गेलं. २६ गुण. ती रडली नाही, मी रडले. १६ जुलैपासून पुरवणी परीक्षा होती. या वेळी बाळ पाच महिन्यांचं, मालक रजा काढून सांभाळायला, आणि तिला रात्री दोन-दोन तास सलग झोप मिळत होती. मॅडमनी आठवड्यातून तीनदा घरी येऊन निबंध आणि पत्रं करून घेतली. पैसे घेतले नाहीत, मी त्यांच्या दोन साड्यांना फॉल-बिडिंग करून दिलं. ऑगस्टच्या शेवटी निकाल लागला. ४४.

केस चालू आहे. नवरा जामिनावर बाहेर आहे, बाळाला बघायला एकदा येऊ का असं त्यानं वकिलांमार्फत विचारलं होतं. तिनं अजून उत्तर दिलेलं नाही. बालविवाह रद्द करून घ्यायला तिला वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत मुदत आहे, आणि रद्द झाला तरी लेकरू कायद्यानं औरसच राहतं. काय करायचं ते ती ठरवेल. आक्का जूनमध्ये आली. कोपऱ्यात पिशवी ठेवली, बाळाला मांडीवर घेतलं, आणि बराच वेळ फक्त त्याची बोटं मोजत बसली. माझ्याशी बोलली ते जाताना: ‘दाजींचं बीपी वाढलंय.’ मी म्हटलं, आण त्यांना.

सप्टेंबरात बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी दाखला लागला. त्याच खिडकीशी गेलो, तिघी. क्लार्कनं तोच छापील नमुना काढला. भाचीनं तो स्वतः भरला, बाळ माझ्याकडे देऊन. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या ओळीशी थांबली, माझ्याकडं बघितलं, आणि लिहिलं: बारावी उत्तीर्ण. दोन दिवसांनी दाखला मिळाला. मूळ प्रत नव्या कॉलेजला जमा करावी लागते, म्हणून आधी तीन झेरॉक्स काढल्या. एक तिच्या फायलीत, एक माझ्या, आणि एक आक्काकडं पाठवली.